वाढत्या अंगाचं माप

सत्यशीलाबाई माप घ्यायला उभ्या राहिल्या की त्यांच्या डाव्या हाताची चार बोटं टेपच्या आत जाऊन बसायची. समोर कोण उभं आहे, थोर की पोर, याच्याशी त्या बोटांना काही देणंघेणं नव्हतं. टेप छातीभोवती फिरून पुढे जुळला की बोटं आत, आणि मग बाई आकडा सांगायच्या. आकडा त्या माणसाचाच असायचा. फक्त त्यात चार बोटांची जागा जास्तीची असायची. आज रिकामी, उद्या भरणारी.

ही सवय लोहा गावची. लोह्याच्या बाजारात एका कापडदुकानाच्या ओट्यावर देविदास मशीन घेऊन बसायचे. ते सत्यशीलाबाईंचे वडील. जून महिना आला की आया लेकरांना दंडाला धरून आणायच्या आणि शाळेचे शर्ट शिवायला टाकायच्या. सत्यशीला तेव्हा दहा-अकरा वर्षांची. टेप धरायला तीच.

"लेकराकडं बघून माप घेऊ नको बाई," देविदास सांगायचे. "त्याच्या मायकडं बघ. ह्यो शर्ट किती साल ओढायचा हाय, ते तिच्या तोंडावर लिहिल्यालं असतं."

म्हणून चार बोटं. आणि शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड, ज्याला शिंपी माया म्हणतात, तेही भरपूर. पहिल्या वर्षी पोराची बोटं बाहीत हरवून जायची. दुसऱ्या वर्षी शर्ट बेताचा बसायचा. तिसऱ्या वर्षी खालची दुमड उसवायची. तिथलं कापड ऊनपाऊस न लागलेलं, गडद, नवंकोरं. त्या गडद पट्टीवरून लोह्याच्या मास्तरांना कळायचं की हे पोरगं आता तिसऱ्या सालात चाललंय.

माळेगावची जत्रा भरली की देविदासांना तंबूंतून बोलावणं यायचं. कुण्या नाटकमंडळीच्या राजाचा अंगरखा उसवलेला असायचा, कुण्या राणीचा काठ निघालेला असायचा. सत्यशीला सुयांचा डबा घेऊन बापामागं जायची आणि पडद्याच्या कडेला, विंगेत, उकिडवी बसायची. तोंडाला लावायच्या रंगाचा वास, पेटीवाल्यानं उगाच धरलेला एखादा सूर, आणि तिसरी घंटा झाली की बाहेरच्या हजार माणसांचं एकदम गप्प होणं! तिला ते सगळं फार आवडायचं. तिथंच तिनं पाहिलं की राजाच्या अंगरख्यातसुद्धा चार बोटं जास्तीची असतात.

"राजा सालोसाल बदलतो," देविदास सुईत दोरा ओवत म्हणायचे, "अंगरखा त्योच ऱ्हातो. औंदाचा राजा वाळका हाय. पुढच्या साली ढेरीवाला आला म्हंजे मग?"

एकदा गवळणींमध्ये एक पोरगी कमी पडली, तेव्हा कुणीतरी सत्यशीलाला म्हणालं, उभी राहा गं. सत्यशीला सुयांचा डबा तिथंच टाकून जी पळाली ती थेट आईच्या पदरात. विंगेच्या पुढं पाऊल टाकायची तिची छाती कधी झाली नाही. हे लक्षात असू द्या.

पुढं ती लग्न होऊन रेणापूरला आली. नवरा शेषेराव, स्वभावानं गंगेसारखा, सावकाश वाहणारा. शेतीत भागेना म्हणून सत्यशीलाबाईंनी लातूरच्या अलीकडं एका शिलाईच्या शेडात काम धरलं. सकाळी जीप यायची, रेणापूरच्या बाया भरून न्यायची, अंधार पडता आणून सोडायची. शेडात साठ मशिनी. सत्यशीलाबाईंची मशीन सत्ताविसावी. मुकादम महादेवप्पा नावं लक्षात ठेवत नसे. "सत्तावीस, हात चालव." "सत्तावीस, पुन्हा पाणी? सकाळी पेलीस की." कामाला बसलं की शटर बाहेरून खाली यायचं. मजुरी नगावर, आणि नग महादेवप्पाच्या मर्जीनं पास व्हायचे.

तिथं टेप नव्हता. टेपचं कामच नव्हतं. कापलेल्या तुकड्यांचे गठ्ठे यायचे, शिवून जायचे. शाळांचे, कॉलेजांचे, कुठल्या कुठल्या कंपन्यांचे शर्ट. ते कुणाच्या अंगावर जाणार आहेत, हे बाईंना अकरा वर्षांत कधी दिसलं नाही. सत्यशीलाबाईंची ती चार बोटं अकरा वर्षं उपाशी राहिली.

मग शेषेरावांनी नांदेडात ऑटो घेतली आणि बिऱ्हाड गोदावरीच्या काठी हललं. बाईंनी शेडाला रामराम ठोकला, वस्तीतल्या पाच बाया गोळा केल्या आणि एक खोली भाड्यानं धरली. सहा जुन्या मशिनी. बायांतली सिंधु देगलूरकडची, काजबटणात हातखंडा. ती रागावली की तेलुगूत बोलायची, त्यामुळं तिनं नेमकं काय म्हटलं हे कुणालाच कळत नसे आणि भांडण वाढत नसे. खोली झाली, बाया झाल्या, पण काम? फॉल-पिको, गोधड्या, उशांचे अभ्रे. वर्ष सरत आलं तरी सहा मशिनींना पुरेल असं काम येईना. लातूरहून महादेवप्पाचा फोन मात्र यायचा.

"सत्तावीस नंबर रिकामीच ठिवली हाय. दिवाळीपस्तोर वाट बघतो."

बाईंनी सगळ्याजणींना सांगून टाकलं होतं. दिवाळीपर्यंत मोठं काम नाही आलं तर खोली सोडायची. सिंधु गावी जाईल, बाकीच्या कुठं कुठं धुणीभांडी धरतील, आणि आपण पुन्हा त्या शटरच्या आत.

अशा वेळी नवरात्राच्या अगोदर एका दुपारी खोलीच्या दारात तीन पोरी येऊन उभ्या राहिल्या. पुढची उंच, वेणी घातलेली, हातात छापील कागद.

"सत्यशीलाकाकू, वळखलं का?"

बाईंनी चष्मा वर केला. "अगं माय, पुनम? रेणापूरची? किती उच झालीस गं!"

"तुमीच म्हनायच्या की, ही पोरगी वाढनार हाय म्हनून."

रेणापुरात बाईंच्या शेजारच्या घरची पोर, दहावीनंतर शिकायला बाहेर पडलेली. शेडात काम धरायच्या आधी बाईंनी तिचे शाळेचे तीन ड्रेस शिवले होते, चार बोटं सोडून. आता ती नांदेडात बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती.

पुनमनं गोष्ट सांगितली. मागच्या वर्षी कॉलेजनं सगळ्यांना एकसारखा शर्ट दिला, निळा, खिशावर कॉलेजचं बोधचिन्ह. तो घालून पुनम सुटीत घरी गेली. आई म्हणाली, असले निळे शर्ट आपली सत्यशीला त्या शेडात शिवत होती बघ, आणि मग शटरचं, पाण्याचं, नगाचं सगळं आईनं सांगितलं.

"मला त्यो शर्ट अंगावर ठिवू वाटंना काकू. मी होस्टेलात सांगितलं. तिथून वर्गात. आमी कागद काढला, चारशे पोरापोरींच्या सह्या झाल्या. आमच्या अंगावरचा शर्ट ज्यांनी शिवला त्यांना रीतसर मजुरी भेटली पायजे, दार उघडं पायजे, नावानं हाक मारली पायजे. न्हाईतर आमाला शर्टच नको."

"चारशे?" सिंधुनं काज सोडून मान वर केली. "न् पोरांनीबी केल्या सह्या?"

"पोरांनीबी केल्या मावशी."

"अय्यो."

पुनमच्या बरोबरीच्या पोरीनं कागद पुढं केला आणि घसा साफ करून एकेक प्रश्न विचारायला लागली. पगार आठवड्याला की महिन्याला? ज्यादा वेळाची मजुरी वेगळी का? काम चालू असताना दार बाहेरून बंद करतात का?

"बाहिरून न्हाई, आतून करतो," सिंधु म्हणाली.

पोरीचं पेन थांबलं. "कामून?"

"कुत्रं येऊन अभ्र्यावर निजतंय ना."

पोरी हसल्या, बाया हसल्या, आणि हे सगळं सुरू असताना ते कुत्रं खरोखरच आत येऊन अभ्र्यांवर बसलं. प्रश्नांचा कागद पुरा व्हायला चहाच्या दोन खेपा लागल्या. सत्यशीलाबाईंनी मजुरीचा हिशेब न लपवता मांडला: सहाजणींना घर चालेल असं द्यायचं तर शर्टामागं शेडापेक्षा साठ रुपये जास्त पडतील. पोरींनी तो आकडा लिहून घेतला आणि काही घासाघीस केली नाही. बाईंना त्याचंच नवल वाटत राहिलं.

प्राचार्य सरळ माणूस होते, पण सावध. त्यांनी सांगितलं, आधी चाळीस शर्ट शिवून आणा. त्यानंतरच्या शनिवारी सभागृहात सगळी मुलं जमतील, बघतील आणि हात वर करून ठरवतील. पसंत पडले तर सहाशे शर्ट या बायांचे, आणि दरसालचं काम त्यांचंच. नाही पडले तर नेहमीच्या ठेकेदाराकडं.

मापाचा दिवस! कॉलेजच्या व्हरांड्यात चाळीस पोरंपोरी रांगेत उभी, आणि सत्यशीलाबाई गळ्यात टेप घालून. अकरा वर्षांनंतर त्यांच्यासमोर आकडा नव्हता, माणूस होतं. कुणाचा खांदा उतरता, कुणाची पाठ अभ्यासानं वाकलेली, कुणी श्वास रोखून छाती फुगवणारा. "सोड की रं वारा, फुग्याचं माप न्हाई घेत मी." पोरं खिदळत होती. बाई प्रत्येकाला विचारत होत्या, कुठला तू? कंधारचा. मुखेडचा. किनवटची. जेवण कुठं? मेसला. आणि मेस म्हटलं की टेपच्या आतली बोटं आणखी जरा सैल पडायची.

आठ दिवसांत शर्ट तयार झाले. बुधवारी सकाळी शेषेरावांच्या ऑटोतून ते कॉलेजात गेले, आणि बुधवारी दुपारी पुनमचा फोन आला.

"काकू, शर्ट लई ढिले झालेत."

"कुनाचे?"

"सगळ्यांचे."

सत्यशीलाबाई खुर्चीत बसल्या. पुनमनं मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला होता. त्यात कबड्डी संघाचा कप्तान लखन नवा शर्ट घालून उभा होता. लखन तसा देखणा गडी, दंडात बेटकुळी, केसांना पाण्याचा हात. शर्टाच्या दोन्ही बाजू त्यानं पंखांसारख्या धरल्या होत्या.

"बघा मंडळी, ह्यो शर्ट हाय का लग्नाचा तंबू? आत अजून दोन पाव्हणे बसतेत! मजुरीचं मला पटतंय, माझी मायबी रोजानं जाती. पन साठ रुपये जास्ती मोजून बुजगावनं व्हायचं का?"

खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागलेली.

सिंधु तेलुगूत बोलली. पुष्कळ वेळ बोलली. सत्यशीलाबाई मात्र आपल्या डाव्या हाताकडं बघत होत्या. अंगठा सोडून चार बोटं. वीस वर्षांच्या पोरांना त्यांनी पहिलीतल्या लेकरांचं माप लावलं होतं.

संध्याकाळी शेषेरावांनी ऑटो लावली, हातपाय धुतले आणि समोर येऊन बसले. त्यांना सगळं कळलं होतं.

"चूक माझीच हाय," बाई म्हणाल्या. "पन अवं, मेसला जेवतेत ती. भरनार न्हाईत का पुढं? अठरा-वीस साल म्हंजे काय अंग थांबलं का?"

"माझं अजूनबी थांबंना," शेषेराव पोटावरून हात फिरवत म्हणाले.

बाईंना हसू आलं, आणि हसता हसता त्यांना लोह्याचा ओटा दिसला, वाळका राजा दिसला, ढेरीवाला राजा दिसला. त्या एकदम उठल्या.

"शनवारी तुमची ऑटो मला पायजे. मशिनीसकट जायचंय."

"मशीन? कॉलेजात?"

"हाव. न् सिंधुला पुढं बसवा, ती मागं बसली तर मशीन मावायची न्हाई."

शनिवारी नांदेडच्या लोकांनी पाहिलं की भर बाजारातून एक ऑटो चाललीय, तिच्यात एक बाई पायमशिनीला मांडीवरच्या लेकरासारखं धरून बसलीय आणि पुढं ड्रायव्हरशेजारी दुसरी बाई येणाऱ्याजाणाऱ्याला बाजूला व्हायला सांगतेय. कॉलेजच्या फाटकात वॉचमननं हात आडवा केला.

"आत सामान न्यायचा पास?"

"सामान न्हाई ती," सिंधु म्हणाली. "पाव्हनी हाय."

सभागृह खच्चून भरलं होतं. बऱ्याच पोरांनी मागच्या वर्षीचाच निळा शर्ट घातला होता, कारण शनिवार तो शर्ट घालायचा दिवस. रंगमंचावर प्राचार्य, पुनम आणि माइक. सत्यशीलाबाई आणि सिंधु मशीन घेऊन विंगेत. लाल मखमली पडदा, त्याला माळेगावच्या पडद्यासारखाच धुळीचा वास. पन्नास वर्षांच्या बाईच्या आत ती दहा वर्षांची पोरगी सुयांचा डबा टाकून पळायच्या तयारीत उभी होती.

पुनम बोलली, चांगलं बोलली, शेडाबद्दल, शटरबद्दल. पोरांनी शांतपणे ऐकलं. मग लखन उठला, नवा शर्ट घालून रंगमंचावर आला, काही बोललाच नाही. नुसता एक गोल फिरला. शर्ट त्याच्या मागून अर्धा गोल फिरला. सभागृह कोसळलं हसून. पुनमचं तोंड उतरलं. प्राचार्यांनी घड्याळ बघितलं.

"चला तर मग, मतदान घेऊ या," ते म्हणाले.

सत्यशीलाबाईंच्या पाठीत सिंधुचं कोपर बसलं. तेवढ्यानं त्या विंगेतून बाहेर पडल्या. बास, एक पाऊल. पण एकदा ते पडलं की माणूस परत फिरत नाही.

"थांबा सर," त्या म्हणाल्या. माइक लांब होता, तरी आवाज शेवटच्या रांगेत पोचला. "ज्याला माप दिलं त्याचा शर्ट अर्धाच झालाय अजून. ये रं बाबा, काय नाव तुझं?"

"लखन."

"लखन, हात वर कर. आसं. आता काढ शर्ट."

"इथं?"

"इथंच. आंगात बनियन हाय ना? का तीबी ढिली हाय?"

शिट्ट्या, टाळ्या. आतापर्यंत पोरांना हसवणाऱ्या लखनवर आता पोरं हसत होती, आणि गडी दिलदार, तोही हसला. बनियनवर उभा राहिला, दंड दाखवत. सिंधुनं मशीन रंगमंचाच्या मध्यभागी आणून ठेवली. सत्यशीलाबाईंनी शर्ट उलटा केला, खडूनं बगलेपासून खालपर्यंत दोन रेघा ओढल्या आणि पायटा हलवला.

मशिनीचा आवाज साऱ्या सभागृहात भरला. बाई शिवत होत्या आणि बोलत होत्या, खाली मान घालून, जशा ओट्यावर बोलायच्या.

"मी मोठ्या माणसाचं माप घ्यायचं इसरले होते. लोह्याला लेकरांचे शर्ट शिवले, मग लातूरला अकरा साल माणूसच दिसलं न्हाई. तुमी समोर उभे ऱ्हायलात न् माझी बोटं जुन्या सवयीनं आत गेली. चूक झाली. पन आता बघा."

दहा मिनिटंही लागली नाहीत. लखननं शर्ट चढवला. बटणं लावली. आणि मंडळी, असा शर्ट बसला! खांद्यावर नेमका, छातीवर नेमका, कमरेला जरासा आत. मुलींच्या बाजूनं कुणीतरी "ओहो" केलं आणि लखनचे कान तांबडे झाले.

बाईंनी त्याच्या शर्टाचं खालचं टोक उलटून सभागृहाला दाखवलं. "आत बघा. पहिली शिवण तशीच हाय, तिच्या अलीकडं ही दुसरी मारली. मधी चार बोटं कापड हाय. पुढल्या साली ह्याची छाती भरली की आतली शिवण उसवायची, बाहेरली हायच. तिसऱ्या साली खालची दुमड सोडायची. तीन साल शर्ट एकच."

मग मागच्या रांगेतून एक पोरगं ओरडलं, "आरं, हे तर वाढत्या अंगाचं हाय! माझी माय आसंच शिवून घ्यायची!"

"माझीबी!"

"आमच्या मुखेडात सगळे आसंच घालायचे!"

ओळख पटली. अर्धं सभागृह खेड्यातून आलेलं, प्रत्येकानं लहानपणी बाहीत बोटं हरवलेली. दुमड उसवल्यावर निघालेली ती गडद पट्टी प्रत्येकाला आठवली. पुढच्या रांगेतला एक चष्मेवाला हिशेब करून उठला: तीन वर्षांत एक शर्ट म्हटल्यावर साठ रुपये जास्त देऊनही स्वस्तच पडतं. लोक त्याच्यावर खेकसले, बस खाली, ते कळलं आम्हाला.

लखननं माइक हातात घेतला. चेहऱ्यावरची मस्करी गेली होती.

"मावशी, एक इचारू? लातूरच्या शेडात तुमी आसं कापड सोडत न्हवता का?"

बाईंनी हातातला खडू मशिनीवर ठेवला. ह्या प्रश्नाचं उत्तर देणं त्यांना भाग नव्हतं. पण रंगमंच माणसाकडून खरं काढून घेतो.

"तिथं एक बोटसुद्धा सोडू देत नव्हते. बगल आखूड कापूनच यायची, टाका मोठा घालायचा. मागल्या सालचे तुमचे हे निळे शर्ट, खिशावरचं चिन्ह वळखते मी, ते मीच शिवलेत. माझी शेवटची खेप होती ती. शिवताना मला मालूम होतं, हे टिकनार न्हाईत. पन मी तिथं सत्तावीस नंबर होते. नंबरला कोन इचारतंय? आज तुमच्यापुढं सांगते, माफी असावी."

सभागृहात आता कुणी हसत नव्हतं. प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. मग हळूच माइकशी आले.

"बाई, आपलं पूर्ण नाव?"

"सत्यशीला शेषेराव."

"तर मुलांनो," प्राचार्य म्हणाले, "सत्यशीलाबाई आणि त्यांच्या पाच सहकाऱ्यांनी आपले शर्ट शिवावेत, त्यांच्या रीतसर मजुरीत, उघड्या दारात, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावेत."

आणि हात वर गेले.

शेकडो हात एका झटक्यात वर गेले, उत्साहानं, अगदी खांद्यातून. आणि त्याच क्षणी सभागृहाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक आवाज झाला. टर्र. मग टर्र टर्र. मग जणू कुणी ज्वारीचा कडबा फाडत चाललंय असा लांबलचक आवाज. मागच्या वर्षीच्या निळ्या शर्टांच्या बगला उसवत होत्या. ते शर्ट आजवर जेमतेम टिकले होते, कारण वर्षभरात एवढ्या जोरानं हात वर करावासा कुणाला कधी वाटलाच नव्हता.

पोरांनी एकमेकांच्या बगलांकडं पाहिलं, आणि जे हसू फुटलं त्याला आवरणारं कुणी नव्हतं. प्राचार्य हसत होते, वॉचमन दारात उभा राहून हसत होता, पुनम डोळे पुसत हसत होती. कुणी हात खाली घेईना. उलट ज्याची बगल अजून शाबूत होती तो दुसराही हात वर करून ती उसवून घेत होता. मधोमध लखन, दोन्ही हात आभाळाकडं, आणि त्याच्या बगलेचा एक टाकाही हलला नव्हता.

सिंधुनं सत्यशीलाबाईंना कोपरानं ढोसलं. "मोजायचं का?"

"काय मोजायचं," बाई म्हणाल्या. "आवाज आला की."

शेषेराव सभागृहाच्या मागच्या भिंतीला टेकून उभे होते. ऑटो बाहेर नो पार्किंगमध्ये लावली आहे, हे त्यांना त्या क्षणी आठवलं, आणि त्यांनी ठरवलं की असू दे.

दिवाळीच्या आत सहाशे शर्टांचं माप झालं. त्याच व्हरांड्यात, रांगेनं, दहा दिवस. खोलीत दोन मशिनी वाढल्या, दोन बायाही वाढल्या. महिन्यातून एकदा पुनम आणि तिच्या मैत्रिणी कागद घेऊन येतात, प्रश्न विचारतात, चहा पितात. दार उघडंच असतं आणि कुत्र्यासाठी आता वेगळं पोतं टाकलंय. महादेवप्पाचा फोन आला तेव्हा बाईंनी एवढंच सांगितलं, "सत्तावीस नंबर इथं कुनी न्हाई. तुमाला कोन पायजे?"

यंदा त्या शर्टांचं दुसरं वर्ष. मापाच्या दिवशी नव्या पोरांच्या मधे लखनही रांगेत उभा होता. तो आता शेवटच्या वर्षाला. शर्ट छातीवर ताठ झालेला, बटणं कावलेली. बाईंनी कात्री घेतली, आतली शिवण सरसर उसवली. दोन्ही कुशींना गडद निळी पट्टी उघडी पडली, वरपासून खालपर्यंत, नव्या कापडासारखी.

"ह्यो रंग निराळा दिसतोय मावशी," लखन म्हणाला. "धुऊन जाईल का?"

"जाईल हळूहळू."

"नको जाऊ दे," तो म्हणाला, आणि हात वर करून ती पट्टी आपल्या मागच्या पोरांना दाखवायला लागला.

बाईंनी त्याला बाजूला सारलं. पुढचं पोरगं किनवटचं होतं, नुकतंच आलेलं, काडीसारखं. मेसला जेवणार होतं. सत्यशीलाबाईंनी टेप फिरवला, पुढं जुळवला, आणि डाव्या हाताची चार बोटं आत जाऊन बसली.